घराची डागडुजी : हात कोणाचा, जोखीम कोणाची?

घर दुरुस्तीला काढले की आपल्याकडे पहिला प्रश्न पैशांचा येतो. मिस्त्री लावायचा की आपणच करायचे? रंगारी बोलवायचा की रविवारी घरच्यांनीच मिळून भिंती रंगवायच्या? आता मोबाईलवर प्रत्येक कामाचा व्हिडिओ सापडतो. त्यामुळे 'स्वतः करा, पैसे वाचवा' हा सल्ला तरुणांना पटतो. दुसऱ्या बाजूला शिकून नोकरीला लागलेले आपले अनेक मित्र म्हणतात, आईबापाने आयुष्यभर घमेली उचलली ती काय आपणही उचलावी म्हणून? पैसे द्या, काम करून घ्या, विषय संपवा.

आम्हाला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. पहिल्या भूमिकेला जोखीम दिसत नाही आणि दुसऱ्या भूमिकेला समोर काम करणारा माणूस दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही वर्धा जिल्ह्यातले आईबाबांचे घर दुरुस्त केले. त्या निमित्ताने हा प्रश्न घरात रोज भांडणासारखा चर्चिला गेला. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

'स्वतः करा' हे कोण कोणाला सांगतो?

शाळेच्या भिंतींवर श्रमप्रतिष्ठेची सुवचने असतात. ती वाचताना एक गोष्ट विसरू नये. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या श्रम करावे लागले नाहीत त्यांच्यासाठी हातात करणी धरणे हा छंद असतो. आपल्या लोकांसाठी ती सक्ती होती. महार वतनात चावडी झाडणे, सांगावा पोचवणे, मेलेली जनावरे ओढणे यांच्या जोडीला गावकुसाची डागडुजीही होती. ज्या कुसाची पडझड आपले पूर्वज बुजवत होते, त्या कुसाच्या आत घर बांधण्याची त्यांना मुभा नव्हती. बांधकामावरच्या अकुशल मजुराला आपण आजही 'बिगारी' म्हणतो. वेठबिगारीतला 'बिगार' तो हाच.

म्हणूनच काम नाकारणे हाही आपल्या चळवळीचा एक भाग राहिला. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे सोडून देण्याचे आवाहन केले. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. तेव्हा एखादा शिकलेला तरुण थापी हातात घ्यायला कचरत असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी हा इतिहास लक्षात घ्यावा.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही दुर्खीम शिकलो. 1893 च्या ग्रंथात त्याने आधुनिक समाजातल्या श्रमविभागणीतून परस्परावलंबन आणि एकोपा कसा तयार होतो हे मांडले. पण भारतात हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही, कारण इथे कामाबरोबर माणसेही वाटली गेली आणि त्यांना वरखाली लावले गेले. 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या निबंधात बाबासाहेबांनी हाच भेद दाखवला. मिस्त्री लावायचा की नाही, हा साधा घरगुती प्रश्नही आपल्याकडे या भेदापासून सुटलेला नाही.

घरकुलाचे गणित

आमच्या आईबाबांचे घर हे घरकुल आहे. घरकुल म्हणजे 'स्वतः करा'ची सर्वांत मोठी सरकारी योजना, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण मार्गदर्शक तत्त्वांत घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे, ठेकेदार नेमू नये असे आहे. किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. सपाट भागात मदत 1 लाख 20 हजार रुपये. ठेकेदाराच्या फसवणुकीपासून वाचवण्याचा हेतू चांगलाच आहे. पण एवढ्या पैशात पाया, भिंती, स्लॅब, दारे-खिडक्या कशा होतात? रोजगार हमीतली 90 दिवसांची मजुरी जोडली तरी हिशेब जुळत नाही. तो जुळतो तो आईने वाहिलेले पाणी, बाबांनी फोडलेली गिट्टी आणि मुलांनी शाळा बुडवून उचललेल्या विटा यांची किंमत शून्य धरून.

यातून पहिला धडा हा की स्वतः केलेले काम फुकट नसते. त्याची मजुरी घरातले कोणीतरी देत असते, आणि बहुतेक वेळा ती बाई असते. मातीच्या घरात दर वर्षी भिंतीला पोतारा देणे, जमीन सारवणे, पावसाआधी भेगा लिंपणे हे सगळे आमच्या आजीने केले. माती किती दिवस भिजवायची, भुसा किती घालायचा, शेण कधी मिसळायचे, हे तिला ठाऊक होते. पण तिला कोणी कारागीर म्हटले नाही. आज बांधकामावर तीच परंपरा चालू आहे. रेजा म्हणून बाई वीस वर्षे मसाला कालवते, पण तिच्या हातात ओळंबा क्वचितच येतो.

चार प्रश्न

आमच्यापुढे पाच कामे होती. गच्ची गळत होती, एका भिंतीला तडा गेला होता, वायरिंग जुने झाले होते, रंग उडाला होता आणि शौचालयाची टाकी भरली होती. हाताशी साठ हजार रुपये होते. बाबांचा हट्ट होता की सगळे आपणच करू. त्यांनी तीस वर्षे बांधकामावर काढली आहेत, त्यामुळे तो हट्ट पोकळ नव्हता. आम्ही दोघांनी प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारायचे ठरवले. काम बिघडले तर नुकसान पैशाचे होईल की जिवाचे? बिघडलेले काम पुन्हा करता येईल का? कायदा काय म्हणतो? आणि आपल्या वेळेची मजुरी धरली तर खरेच बचत होते का?

*रंग.* चारही उत्तरे अनुकूल. भिंत वाईट रंगली तर पुन्हा रंगवता येते. जुना रंग खरवडणे, भेगा लांबीने भरणे, घासणे, प्रायमर आणि मग दोन हात, हे क्रमाने केले की काम नीट होते. घाई करून ओल्या भिंतीवर रंग दिला तर पुढच्या पावसात पापुद्रे सुटतात. एक काळजी मात्र घ्यावी. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम 2016 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला ती घातक असते. म्हणून आम्ही पाण्याने भिजवून घासले, तोंडाला मास्क बांधले आणि भाच्यांना दोन दिवस मावशीकडे पाठवले. बाहेरची उंच भिंत मात्र रंगाऱ्याकडे दिली, कारण शिडीवरून पडणे ही दुरुस्त होणारी चूक नव्हे.

*गच्ची.* इथे बाबांचे ज्ञान कामाला आले. त्यांनी आधी पाणी कुठून येते ते शोधायला लावले. गच्ची धुऊन, उताराचे तोंड बंद करून चोवीस तास पाणी साठवले आणि खाली ओल कुठे उमटते ते खडूने आखले. गळती स्लॅबमधून नव्हती. ती कठड्याच्या सांध्यातून आणि पाइपाभोवतीच्या फटीतून होती. तेवढाच भाग टाचून, साफ करून, पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरला, जाळी लावली, वर दोन हात दिले. साहित्याला साडेतीन हजार लागले. गावातल्या एका कंत्राटदाराने न बघताच संपूर्ण गच्चीचे पंचवीस हजार सांगितले होते. स्लॅबच्या खालचा गिलावा पडून गंजलेली सळई उघडी पडली असती, तर मात्र आम्ही हे स्वतः केले नसते. तिथे प्रश्न पाण्याचा राहत नाही, छप्पर डोक्यावर राहण्याचा होतो.

*तडा.* विदर्भात, मराठवाड्यात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वर उभे घर हलवते. आपल्या वस्त्या तर बऱ्याच ठिकाणी नाल्याकाठी, गावाच्या सखल बाजूला वसवलेल्या आहेत. त्यामुळे 'आमच्या घरांना तडे का जातात' याचे अर्धे उत्तर सिमेंटमध्ये आहे आणि अर्धे जागेच्या वाटपात. गिलाव्यातली केसासारखी बारीक भेग आपण बुजवू शकतो. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, भिंतीच्या आरपार असलेला तडा नुसता बुजवून चालत नाही. त्याच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. काही महिन्यांत काच फुटली तर तडा जिवंत आहे, पाया हलतो आहे. मग अभियंत्याला दाखवण्याला पर्याय नाही. आमच्या घरी काच लावली आहे. निर्णय पावसाळ्यानंतर होईल.

*वायरिंग.* याबाबत आम्ही वाद होऊ दिला नाही. होल्डर बदलणे वेगळे आणि घराचे वायरिंग वेगळे. विजेची चूक भिंतीत लपून राहते आणि एखाद्या पावसाळी दिवशी कूलरच्या पत्र्यातून बाहेर येते. शिवाय घराचे वायरिंग परवानाधारक माणसानेच करावे असा नियम आहे. एमसीबी बसवला की आपण सुरक्षित, असा अनेकांचा समज असतो. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग लागते. वस्त्यांमधल्या कित्येक घरांत अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत येते आणि तिथेच संपते. आम्ही परवानाधारक वायरमन लावला. खर्च कमी करण्यासाठी भिंतीतल्या उभ्या झिऱ्या आम्ही मारल्या आणि नंतर बुजवल्या. चार इंची भिंतीत आडवी खोल झिरी मारायची नाही, एवढे पथ्य त्यानेच सांगितले. कुशल काम त्याच्याकडे, मेहनतीचे काम आपल्याकडे, अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी करता येते.

टाकीचा प्रश्न

पाचवे काम सर्वांत लहान वाटत होते. तेच सर्वांत मोठे ठरले.

शौचालयाची टाकी बारा वर्षांत एकदाही उपसली नव्हती. खरे तर ती दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. नगरपंचायतीकडे मैला उपसण्याची स्वतःची गाडी नव्हती. शेजारच्या शहरातून येणार होती, पण पाळी दहा-बारा दिवसांनी. ओळखीच्या एका गृहस्थाने लगेच तोडगा सांगितला, "माणूस पाठवतो, रात्रीतून रिकामी करून देईल, गाडीच्या निम्म्या पैशात." तो माणूस कोणत्या वस्तीतून येणार हे त्यांना सांगावे लागले नाही आणि आम्हाला विचारावे लागले नाही. आम्ही नकार दिला.

मग बाबा म्हणाले, "दुसऱ्याला उतरवायचे नाही ना? मग मी उतरतो. आपल्याच घरचे आहे, त्यात लाज कसली?"

या वाक्याला उत्तर देणे आम्हाला जड गेले. त्यात एक प्रकारची सचोटी होती. जे काम दुसऱ्याकडून करून घेणे चूक आहे ते आपण स्वतः करावे, हा विचार ऐकायला न्याय्य वाटतो. पण इथे लाजेचा प्रश्नच नव्हता. बंद टाकीत प्राणवायू कमी असतो, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचा वास सडक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते हवा साफ झाली, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. एकाच टाकीत दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या म्हणूनच येतात. वायू घराचा मालक कोण ते बघत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. 2013 च्या हाताने मैला उचलण्याविरुद्धच्या अधिनियमाने टाकी आणि गटाराच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला मनाई केली. ही मनाई नगरपालिकेइतकीच खाजगी व्यक्तीलाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटार सफाईतल्या मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. तरीही माणसे उतरवली जातात, कारण यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो आणि कोणत्या जातीचा माणूस स्वस्त ठेवायचा हे आधीच ठरलेले असते.

आम्ही दोन दिवस बाबांशी बोललो. शेवटी त्यांना वायूच्या माहितीने नव्हे, आईच्या एका प्रश्नाने थांबवले. ती म्हणाली, "तुम्ही आत पडलात तर तुम्हाला काढायला कोण उतरेल? आपला पोरगाच ना?" बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी झाकणावर दगड ठेवला. बारा दिवस घरातले सगळे शेजारच्या काकूंकडचे शौचालय वापरत होते. मग गाडी आली, पाइप टाकला, अर्ध्या तासात टाकी रिकामी झाली. कोणीही उतरले नाही. गटार किंवा टाकीच्या कामासाठी 14420 हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये ठेवावा.

इथे एक भेद सांगायला हवा. दोन शोषखड्ड्यांचे शौचालय ही वेगळी गोष्ट आहे. त्यात एक खड्डा भरला की बंद करून दुसरा सुरू करतात. बंद खड्ड्यातला मैला वर्ष-दीड वर्षात कोरडे, वास नसलेले खत बनतो आणि तो घरच्यांनी काढायला हरकत नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याच्या सचिवांनी असा खड्डा स्वतः उपसून दाखवला होता. चांगलेच केले. पण सचिवाने खड्डा उपसला की बातमी होते आणि आपल्या माणसाने उपसला की ती त्याची जात ठरते. हे जोवर खरे आहे तोवर प्रत्येक घरमालकाने आपला बंद खड्डा स्वतः उपसावा आणि त्यासाठी वस्तीतल्या 'त्या' माणसाला शोधत फिरू नये, असे आमचे मत आहे.

माणूस लावायचा तर कसा?

आपण मालक झालो की आपल्यातही मालकाच्या सवयी येतात. म्हणून काही पथ्ये.

मजुरी आधी ठरवावी आणि कागदावर लिहावी. काम किती, साहित्य कोणाचे, पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, हे दोघांच्या सहीने असावे. यात मजुराचे आणि आपले दोघांचेही रक्षण आहे. संपूर्ण रक्कम आधी देऊ नये, आणि काम झाल्यावर एक दिवसही अडवू नये. पाणी आणि चहा घरच्याच पेल्यात द्यावा. आमच्याकडे भिंत दुरुस्तीला आलेला मिस्त्री पहिल्या दिवशी स्वतःची बाटली घेऊन आला आणि आमच्या घरचे पाणी प्यायला नाही. कारण त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. दुसऱ्या दिवसापासून दुसरा मिस्त्री आला. आपले घर दुरुस्त करताना अपमान विकत घेण्याची गरज नाही.

आमच्या गावात मिस्त्रीची हजेरी नऊशे, पुरुष मजुराची सहाशे आणि रेजाची चारशे. आम्ही रेजालाही सहाशे दिले. नवा मिस्त्री कुरकुरला, "तुम्ही गावचा भाव बिघडवता." आम्ही त्याला विचारले, घमेल्याचे वजन बाईच्या डोक्यावर कमी होते का? बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात श्रम खाते सांभाळत होते आणि किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच कारकिर्दीत मांडले गेले. त्यांचा फोटो लावलेल्या घरात चारशे आणि सहाशे असा भेद आम्हाला करता आला नाही.

आणखी एक. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावरच्या मजुराचे हे 90 दिवस दहा-पंधरा घरांत विखुरलेले असतात आणि कोणीच लिहून देत नाही. आपण तारखेसह कामाची चिठ्ठी द्यावी आणि दाखल्यासाठी त्याच्याबरोबर कार्यालयात जावे. कार्यकर्त्याला यासाठी मोर्चा काढावा लागत नाही.

वस्तीत काय करता येईल?

आपल्या प्रत्येक विहारात पुस्तकांचे एक कपाट असते. त्याच्या शेजारी अवजारांची एक पेटी असावी, असे आम्ही सुचवतो. ड्रिल, चांगली शिडी, लेव्हल पाइप, टेस्टर, पाना, करणी, थापी. ही वर्षातून चार दिवस लागणारी अवजारे प्रत्येक घराने विकत घेण्याची गरज नाही. महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्याच जुन्या मिस्त्रीने, वायरमनने तरुणांना आणि तरुणींना शिकवावे, आणि त्याला त्या दिवसाचे मानधन द्यावे. आयटीआयमध्ये वीजतंत्री, तारतंत्री, नळ कारागीर, गवंडी हे अभ्यासक्रम आहेत. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची पाच वर्षे वाट पाहणाऱ्या आपल्या मुलांनी याकडे कमीपणा म्हणून बघू नये. जन्माने लादलेले काम आणि शिकून, परवाना घेऊन, स्वतःचा दर स्वतः सांगून केलेले काम यांत फरक आहे. बाबासाहेबांचा विरोध पहिल्याला होता.

स्वतः करायचे की माणूस लावायचा, याचे एकच उत्तर नाही. जे शिकता येते आणि बिघडले तर सुधारता येते ते स्वतः करा, घरातल्या मुलग्यांनाही सारवायला आणि मुलींनाही ड्रिल धरायला शिकवा. जिथे जिवाची जोखीम आहे तिथे जाणकाराला त्याचा पूर्ण मोबदला देऊन बोलवा. आणि जिथे कोणाचाही जीव जाऊ शकतो तिथे ना स्वतः उतरा, ना दुसऱ्याला उतरवा. यंत्र मागा, न मिळाल्यास नगरपालिकेला निवेदन द्या, पाठपुरावा करा. आमच्या गावात स्वतंत्र मैला गाडीसाठीच्या निवेदनावर आजवर एकशे बारा सह्या झाल्या आहेत. पहिली सही बाबांची आहे.

जय भीम!